अक्षर आणि गोष्ट

मुलाला बोलावयास कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. घरांतल्या माणसांचें बोलणें ऐकतां ऐकतां तें स्वतःच बोलूं लागतें. वाचावयास मात्र शिकवावें लागतें. बोलणें हा मनुष्याचा निसर्गधर्म आहे आणि वाचणें ही त्यानें फार मागाहून निर्माण केलेली कला आहे. म्हणूनच मूल वाचूं लागतें तें कसें, हा प्रश्न वरून दिसतो तितका सोपा नाहीं. गेलीं चार-पांचशें वर्षें थोर थोर शिक्षक त्याच्याशीं झगडत आले आहेत, आणि त्यांच्यांत दोन पक्ष कायम राहिले आहेत. एक पक्ष म्हणतो, आधीं ध्वनि आणि त्याचें चिन्ह. अर्थ मागाहून येईल. दुसरा म्हणतो, आधीं अर्थ, आधीं गोष्ट. चिन्हें तिच्यामागून येतील. या वादाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण विजय कोणत्याहि पक्षाचा होवो, त्याची किंमत मुलांना द्यावी लागली आहे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वीं आपल्या घरांतल्याच एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. कावळ्याचें घर शेणाचें आणि चिमणीचें मेणाचें, ही गोष्ट ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळा. पाऊस येतो, कावळ्याचें घर वाहून जातें, आणि तो चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहतो. यांतील 'शेण' आणि 'मेण' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. पहिलें व्यंजन सोडलें तर दोहोंत कांहीं फरक नाहीं. परंतु त्या एका व्यंजनापायीं एकाचा संसार वाहून जातो आणि दुसरीचा टिकतो. एक ध्वनि पालटला कीं अर्थ पालटतो, हें भाषाशास्त्रांतील एक मूलतत्त्व होय. तें सांगणाऱ्या आजीनें भाषाशास्त्राचें नांवहि ऐकलेलें नसतें, आणि ऐकणाऱ्या मुलाला अजून एक अक्षरहि येत नसतें. तरी तें तत्त्व त्याच्या कानांत बसतें, कारण ओल्या कावळ्याचें पुढें काय होणार ही चिंता त्याला लागलेली असते. ध्वनि आणि अर्थ यांची फारकत झालेलीच नाहीं अशी ही जागा आहे. शाळेनें ती फारकत केव्हां केली आणि ती मिटविण्याचे प्रयत्न कोणीं कोणीं केले, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत मूल बसविलें म्हणजे प्रथम श्रीगणेशा आणि मग 'ओनामा' होत असे. हा 'ओनामासिधं' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' या प्राचीन मंगलवचनाचा अपभ्रंश. मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या अर्थ न कळतां तो म्हणत आल्या. पाटीवर धूळ पसरावयाची, तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, तें मोठ्यानें म्हणावयाचें, पुसावयाचें आणि पुन्हां काढावयाचें. मुळाक्षरांमागून बाराखड्या, बाराखड्यांमागून जोडाक्षरें, मग मोडीचें वळण आणि जुनीं पत्रें लावणें, असा क्रम असे. या पद्धतीची आज थट्टा करण्यांत येते. पण तिच्यांत एक मोठा गुण होता. हात, डोळा आणि तोंड हीं तिन्हीं तींत एकाच वेळीं कामाला लागत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस अँड्र्यू बेल नांवाचा एक स्कॉच पाद्री लष्करी अनाथालयाची देखरेख करीत होता. एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असलेलीं त्यानें पाहिलीं आणि ती रीत आपल्या शाळेंत उचलली. १७९७ सालीं त्यानें आपल्या प्रयोगावर लंडनांत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें कित्येक वर्षें इंग्लंडांतील गरिबांचीं मुलें वाळूच्या पाटीवर अक्षरें काढूं लागलीं.

देवनागरी वर्णमालेची रचना तर जगांतील कोणत्याहि वर्णमालेनें हेवा करावा अशी आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानें क्रमानें लावलेलीं, अल्पप्राणामागें महाप्राण, अघोषामागें घोष, शेवटीं अनुनासिक. परंतु हा क्रम भाषेचें पृथक्करण करणाऱ्या पंडितांनीं बसविलेला आहे. जो पदार्थ पंडिताच्या विचाराचा शेवट, तोच बालकाच्या अभ्यासाचा आरंभ झाला. 'ङ' आणि 'ञ' यांनीं सुरू होणारा एकहि शब्द ज्याच्या बोलण्यांत नाहीं, तें मूल महिनेच्या महिने त्यांना वळण देत बसे. 'आई' हा शब्द वाचण्याची पाळी मात्र फार उशिरां येई. बाराखडी म्हणतां येणें आणि वाचतां येणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें पंतोजीला दिसत नसे. कारण बाराखडी म्हणणाऱ्या मुलाचा आवाज मोठा असे, आणि न वाचतां आलेलें मूल हळूहळू शाळेंतून दिसेनासें होई.

युरोपांतील मुलांची स्थिति याहून बिकट होती. आपल्याकडे अक्षराचें नांव आणि त्याचा ध्वनि हे बहुतेक एकच आहेत. तिकडे तसें नाहीं. 'सी', 'ए', 'टी' हीं तीन नांवें एकामागून एक कितीहि वेगानें म्हटलीं तरी त्यांतून 'कॅट' निघत नाहीं. ही विसंगति ओळखणाऱ्या पहिल्या शिक्षकांत व्हालेंटीन इकेलझामर या जर्मन गृहस्थाची गणना होते. १५२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकांत त्यानें, मुलांना अक्षरांचीं नांवें न शिकवितां त्यांचे ध्वनि शिकवावे, असें प्रतिपादिलें. पुढें मोरावियाचा शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस यानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें 'ऑर्बिस पिक्टुस' हें आपलें प्रसिद्ध सचित्र पुस्तक छापविलें. त्याच्या आरंभीं वर्णमाला आहे, आणि बहुतेक अक्षरांसमोर एका प्राण्याचें चित्र व त्याचा आवाज दिला आहे. कोंकरूं बें बें करतें, तेथें 'ब' शिकावयाचा. आणि या मालिकेंत पहिला मान मिळाला आहे तो कावळ्याला! आमच्या आजीचा कावळा आणि कोमेनियसचा कावळा यांची कधीं गांठ पडली नव्हती. पण दोघांनाहि मुलाच्या कानाजवळ येण्याचा एकच मार्ग सांपडला. कोमेनियसच्या या पानावर आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक ओळ म्हणजे दोन शब्दांचें पूर्ण वाक्य आहे. एक कर्ता, एक क्रियापद. ध्वनीबरोबर वाक्यहि शिकवावें, ही कल्पना तेथें अंकुररूपानें दिसते.

मराठींत छापील पुस्तकें आलीं तेव्हां त्यांच्याबरोबर गोष्टीहि आल्या. तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर निघालें. मुंबईस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापाच्या नीतिकथा आणि 'बाळमित्र' हीं पुस्तकें मराठींत आणलीं. यांपैकीं दुसऱ्याचें मूळ बेरकँ या फ्रेंच लेखकाचें. मराठी गद्यावर छत्र्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हीं पुस्तकें आधींच वाचतां येणाऱ्या मुलासाठीं होतीं. मुळाक्षरांचा डोंगर चढून जो वर आला त्याला बक्षीस म्हणून गोष्ट मिळे, आणि तिच्या शेवटीं तात्पर्याची पुरचुंडी बांधलेली असे. डोंगराच्या पायथ्याशींच जो थकून बसला, त्याच्या हातीं गोष्ट कधीं पडलीच नाहीं.

हा क्रम बदलण्याचा एक मोठा प्रयत्न बंगाल्यांत झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं १८५५ सालीं 'वर्णपरिचय' या पुस्तकाचे दोन भाग प्रसिद्ध केले. संस्कृतच्या या महापंडितानें प्रथम वर्णमालेलाच हात घातला. बंगालींत ज्यांचा उपयोग नाहीं असे दीर्घ ॠ व दीर्घ ॡ हे स्वर त्यानें काढून टाकिले, आणि अनुस्वार व विसर्ग यांना स्वरांतून उचलून व्यंजनांच्या पंक्तींत बसविलें. मग अक्षरांवरून शब्द, एकेका स्वरचिन्हाचे वेगळाले शब्द, त्यांवरून दोन शब्दांच्या जोड्या, त्यांवरून लहान वाक्यें आणि वाक्यांवरून पाठ, अशा पायऱ्या बांधिल्या. पहिल्या भागाच्या अखेरीस गोपाळ आणि राखाल हे दोन मुलगे येतात. एक सुबोध, दुसरा हूड. म्हणजे पहिलेंच पुस्तक संपण्यापूर्वीं मुलाच्या हातीं माणसें लागतात, त्यांची वागणूक लागते, आणि तीं वाक्यें त्याला स्वतःच्या बळावर वाचतां येतात. पायऱ्यांची अशी काटेकोर बांधणी भारतीय भाषांत पूर्वीं क्वचितच झाली होती.

तरीहि या गोष्टींतून भीति गेली नव्हती. दुसऱ्या भागाच्या शेवटीं भुवन नांवाच्या मुलाची हकीकत आहे. लहानपणीं त्यानें शाळेंतून दुसऱ्याचें पुस्तक चोरलें, मावशीनें त्याला दटाविलें नाहीं, आणि पुढें तो इतका निर्ढावला कीं त्याला फांशीची शिक्षा झाली. मरण्यापूर्वीं त्यानें मावशीला जवळ बोलावून तिचा कान तोडला. कथा मूळची इसापाची. जोडाक्षरें शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला वधस्तंभापर्यंत नेऊन सोडावें, यांत त्या काळाला कांहीं विचित्र वाटलें नाहीं. गोष्ट शिक्षणांत आली खरी. पण छडी हातीं घेऊन आली.

गोष्टीचा किंवा वाक्याचा दुसरा उपयोग काय असूं शकतो, हें रवींद्रनाथांनीं आपल्या 'जीवनस्मृति'त सांगितलें आहे. सुटे शब्द घोकण्याच्या वादळांतून नुकतेंच बाहेर पडलेलें त्यांचें बालमन पाऊस आणि झाडाचें पान यांच्याविषयींच्या दोन चिमुकल्या, यमकानें जुळलेल्या वाक्यांवर येऊन थांबलें. आयुष्यांत वाचलेली ती आपली पहिली कविता, असें ते मानीत. चार शब्दांचा तो मजकूर. पण त्यांत ध्वनीचा मेळ होता, वाक्याची पूर्णता होती आणि डोळ्यांपुढें चित्र उभें राहत होतें. त्याच रवींद्रनाथांनीं १९३० सालीं मुलांसाठीं 'सहज पाठ' लिहिला, आणि नंदलाल बसूंनीं त्याला चित्रें काढून दिलीं. त्यांत अक्षरें रांगेनें उभीं नाहींत; तीं कांहीं तरी करीत, बोलत, खेळत येतात.

रशियांत टॉलस्टॉयनें याच प्रश्नापायीं आपली कादंबरीलेखनाची कीर्ति बाजूस ठेविली होती. १८५९ सालीं त्यानें यास्नाया पोल्याना येथील आपल्या जहागिरींत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि १८७२ सालीं 'आझ्बुका' हें बालवाचनाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. 'युद्ध आणि शांति' लिहिणारा हा लेखक त्यांत चार-पांच वाक्यांच्या गोष्टी लिहितांना दिसतो. कांहीं इसापाच्या, कांहीं रशियन लोककथांतल्या आणि कांहीं चक्क हिंदी कथांवरून घेतलेल्या. अक्षर डोळ्यांपुढें आणण्यापूर्वीं व्यंजन व स्वर कानानेंच जोडावयास शिकवावे, असा त्याचा आग्रह होता, आणि जर्मन वळणाच्या तत्कालीन ध्वनिपद्धतीशीं त्याचा कडाक्याचा वाद झाला. १८७४ सालीं मॉस्कोंत दोन्ही पद्धतींची शाळा चालवून परीक्षाहि घेण्यांत आली. परीक्षकांचें एकमत झालें नाहीं. यांत नवल नाहीं. मुलाला शिकविणारा शिक्षक आणि त्याच्या तोंडची गोष्ट हीं पद्धतीइतकींच महत्त्वाचीं असतात, आणि तीं तराजूंत घालतां येत नाहींत.

आतां भावनगराकडे वळूं. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. दक्षिणामूर्ति संस्थेंत ते आले आणि १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. रोम येथें १९०७ सालीं बालगृह काढणाऱ्या माँटेसरीबाईंना ते गुरुस्थानीं मानीत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलानें बोट फिरवावें आणि त्याच वेळीं त्या अक्षराचा ध्वनि ऐकावा, ही बाईंची युक्ति. आमच्या धुळपाटीची ती शास्त्रशुद्ध बहीणच म्हणावी. परंतु अद्भुत कथांच्या बाबतींत गुरुशिष्यांचे मार्ग वेगळे झाले. लहान मुलाला अद्याप वास्तवाचेंच भान यावयाचें आहे, त्याला राक्षस आणि पऱ्या यांच्या गोष्टी सांगूं नयेत, असें बाईंचें मत. गिजुभाईंनीं मात्र काठेवाडच्या लोककथा गोळा केल्या, मुलांना सांगितल्या, आणि कथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतला कल्पित शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गाला शांत करतो तो गोष्ट सांगून. वर्गाची वाचनाची गोडी, भाषा आणि शिस्त हीं सर्व त्या एका धाग्यानें तो गुंफीत जातो.

भावनगरचें हें बीज महाराष्ट्रांत आणलें ताराबाई मोडकांनीं. गिजुभाईंच्या बरोबरीनें त्यांनीं तेथें काम केलें. १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यांत त्या अग्रभागीं होत्या. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरांतील श्रीमंतांच्या मुलांना मिळणारी माँटेसरीची महागडी साधनें तेथें कोठून येणार? शिंपले, गोटे, बिया, पानें यांनींच काम भागविलें. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि जीं मुलें शाळेंत येत नव्हतीं त्यांच्या वाड्यांच्या अंगणांत आणि गुरें राखण्याच्या कुरणांत शाळाच जाऊं लागली. वारली मुलाच्या घरची बोली आणि क्रमिक पुस्तकाची मराठी यांत मोठें अंतर आहे. अशा मुलाला पुस्तकांतलें वाक्य परकें वाटतें, तेव्हां दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. त्याच्या कानाला तें वाक्य कधीं भेटलेलें नसतें. गोष्टीचें, गाण्याचें आणि गप्पांचें खरें काम येथें दिसतें. पुस्तकाच्या भाषेची ओळख त्यांच्यामुळें आधीं कानाला होते, आणि मग डोळ्याला ती जड जात नाहीं.

हें काम गोष्ट करते तरी कशी? चिमणी-कावळ्याकडेच पुन्हां पाहूं. कावळा पुन्हां पुन्हां दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळीं नवें कारण सांगते. वाक्याचा सांगाडा तोच, एकच शब्द बदलतो. बाळाला न्हाऊं घालावयाचें आहे, जेवूं घालावयाचें आहे, निजवावयाचें आहे. पुढचें कारण कोणतें, असें मुलांना विचारलें कीं मुलें आपलें कारण त्या सांगाड्यांत बसवितात. म्हणजे वाक्य रचतात. कावळा आला, चिमणी आली, पाखरूं आलें. चिमणीनें दार उघडलें, चिमणीनें खिडकी उघडली. लिंगाप्रमाणें क्रियापद कसें वळतें, हें व्याकरणाच्या पुस्तकांत पानभर नियमांनीं सांगावें लागतें. येथें मूल चुकलें तर शेजारचेंच मूल त्याला सुधारतें. अक्षरांचेंहि तसेंच. 'चिमणी' हा शब्द लिहूं लागतांच, बोलण्यांत 'च'नंतर येणारी ऱ्हस्व इकाराची वेलांटी कागदावर त्याच्या आधीं काढावी लागते, हें कोडें मुलाला पडतें. 'शेण' या शब्दांतील शेवटचा 'अ' लिहितांना आहे, बोलतांना नाहीं. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा. मराठींतील या साऱ्या अडचणी गोष्टींतल्या ओळखीच्या शब्दांच्या आधारानें मुलापुढें ठेविल्या तर त्या कोड्यासारख्या वाटतात; सुट्या अक्षरांच्या तक्त्यावर त्याच जाचक होतात.

परंतु गोष्टीच्या अभिमान्यांनींहि एक सत्य पत्करलें पाहिजे. गोष्ट ऐकून अक्षरें येत नाहींत. आवडत्या पुस्तकाचें पान पाठ झालेलें मूल ओळीवरून बोट फिरवीत अस्खलित 'वाचतें', आणि घरचीं माणसें कौतुकानें पाहतात. मधलाच एक शब्द झांकून विचारला तर त्याला सांगतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी बोलणाऱ्या देशांत, चांगल्या गोष्टींच्या सहवासांत वाचन आपोआप येईल असें मानणारा पक्ष प्रबळ झाला होता. अमेरिकेंत नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळानें २००० सालीं उपलब्ध संशोधन तपासून, ध्वनि आणि अक्षर यांचा संबंध पद्धतशीर शिकविल्यानें मुलांना निश्चित लाभ होतो, असा निष्कर्ष काढला. मात्र शब्दसंपत्ति, वाचनाचा ओघ आणि आकलन यांनाहि त्यानें तितकेंच आवश्यक ठरविलें. इकेलझामर आणि आजी या दोघांचेंहि म्हणणें अशा रीतीनें अंशतः खरें ठरलें.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. 'असर' या देशव्यापी पाहणींत २०२२ सालीं असें आढळलें कीं, ग्रामीण भारतांत पांचव्या इयत्तेंतील शंभर मुलांपैकीं सुमारें त्रेचाळीस मुलांनाच दुसऱ्या इयत्तेचा मजकूर वाचतां येत होता. उरलेलीं मुलें शाळेंत येत होतीं, बसत होतीं, फळ्यावरचें उतरूनहि घेत असतील. पण वाक्य त्यांच्याशीं बोलत नव्हतें. पंतोजीच्या शाळेंतून असें मूल निघून जाई. आज तें वर्गांतच बसून असतें, एवढाच फरक. प्राथमिक वाचन व अंकज्ञान यांसाठीं सरकारनें २०२१ सालीं राष्ट्रीय मोहीम हातीं घेतली, ती याच चिंतेनें.

सुशिक्षित घरांना वाटेल कीं हा प्रश्न आपला नव्हे. पण आपल्या घरांतहि त्याचें एक रूप आहे. तीन वर्षांचें मूल पाहुण्यांपुढें इंग्रजी अक्षरांचीं नांवें ओळीनें म्हणून दाखवितें, आणि आपण धन्य होतों. हा नवा ओनामाच आहे; तोहि तितकाच मोठ्यानें आणि तितकाच अर्थावांचून म्हटला जातो. त्या मुलाला शेणाच्या घराची गोष्ट कोणी सांगितलेली नसते, कारण सांगणारी आजी दुसऱ्या गांवीं असते आणि आईबाप थकून घरीं येतात. अशा घरानें रात्रीं पाव घटका काढावी. गोष्ट सांगावी, ती उद्यां पुन्हां मागितली तर कंटाळा न करितां त्याच शब्दांत पुन्हां सांगावी, मधें थांबून पुढचा शब्द मुलाला म्हणूं द्यावा, 'म'नें सुरू होणारे आणखी शब्द विचारावे, आणि पांच वर्षांच्या सुमारास त्या गोष्टींतलें एक वाक्य त्याच्या देखत कागदावर लिहून प्रत्येक शब्दावर त्याचें बोट ठेवावें. यापुढचें काम शाळेचें आहे, आणि अक्षरांचा ध्वनि नीट शिकविणारी शाळा मिळाली तर तें फार कठीणहि नाहीं. मात्र शाळेनें जें वाचावयास द्यावयाचें, तें ऐकण्याची भूक घरानें आधीं लावून ठेविलेली असावी.